वॉर्निश वाळलं नाही म्हणालास

वसंता, तुझ्या तेराव्याचं जेवण मी जेवलो नाही. पान वाढलेलं होतं, भातावर तूप पडलं होतं, आणि मी उठलो, चपला घातल्या आणि पेण स्टेशनची वाट धरली. मागून कोणीतरी म्हणालं, "रोह्याचे मोहनराव ना ते? फार जवळचे होते हो." जवळचे! त्या क्षणी तू समोर असतास तर तुझी गचांडी धरली असती मी. आजारी माणूस, गेलेला माणूस, काही बघितलं नसतं.

झालं ते असं. पंगत बसायच्या आधी मी सुलभावहिनींना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "वहिनी, घाई नाही, पण आमचे सरदार त्याने कारखान्यात कुठे ठेवलेत? सवडीने घेऊन जाईन म्हणतो."

त्या म्हणाल्या, "भावजी, ते तर गणपतीबरोबर गेले."

"गेले म्हणजे?"

"विसर्जनाला. भोगावतीत. तुमाला सांगितलं नाय त्यांनी? मला वाटलं तुमी दोघांनी मिळून ठरवलंय."

दोघांनी मिळून! आजवर एक तरी गोष्ट आपण दोघांनी मिळून न ठरवता केली होती का रे? घोड्याचा रंग, पागोट्याचा पीळ, तलवार कुठल्या हातात, सगळ्यावर आपलं घसा बसेपर्यंत भांडण व्हायचं. आणि हे एवढं मोठं तू एकट्याने ठरवलंस.

लोकांना काय सांगू मी, काय बुडालं म्हणून? दोन बोटं उंचीची, घोड्यावर बसलेली प्लॅस्टिकची माणसं. साठीला टेकलेले दोन बाप्ये टेबलावर हिरवं कापड टाकून, पुठ्ठ्याच्या टेकड्या मांडून, शिंप्याची टेप आणि फासे घेऊन जुन्या लढाया खेळतात, एक मराठ्यांची बाजू घेतो आणि एक इंग्रजांची, हे सांगितलं तर लोक हसतात. हसू देत. पण त्या खेळात सगळा जीव असतो तो सरदारात. सरदारापासून वीतभर अंतरात जे पथक असेल ते त्याचं ऐकतं. वितीबाहेर गेलं की फासा टाकून नशीब बघायचं. आणि सरदार पडला की फौज पळाली. म्हणून शिपाई आपण कसेही रंगवायचो, डझनावारी, गप्पा मारत. सरदार मात्र एकेक महिना चालायचा.

पहिला आठवतो? शौकतच्या भावाने कुवेतहून भाच्यांसाठी खोका आणला होता. पोरांनी उघडला, त्यात काही वाजत नाही, धावत नाही, रंगसुद्धा नाही म्हणून टाकून दिला. शौकत माझ्या शिफ्टचा, त्याने तो मला दिला. आत युरोपातला कसला कप्तान, डोक्यावर आडवी टोपी, घोडा दोन पायांवर उभा. मी फिटर माणूस. मला ती टोपी बघवेना. ब्लेडने उडवली, एम-सीलची बारीक वळी लाटून पागोटं गुंडाळलं. कंपनीतल्या पितळी तारेचा तुकडा ठोकून तलवारीला बाक दिला. ब्लाउजच्या टिचबटणाची ढाल केली, त्यावरून शुभाने, माझ्या बायकोने, घर डोक्यावर घेतलं. आणि टेबलावर आडवा पडू नये म्हणून तळाला नट-बोल्टमधला लोखंडी वायसर चिकटवला. वायसर मीच लावले, वसंता. सगळ्यांना. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आमच्या घरचा गणपती तुझ्याच कारखान्यातला. बुकिंगला आलो तेव्हा शर्टाच्या खिशातून तो सरदार काढून तुझ्यापुढे ठेवला. तू ब्रश कानावर खोवलास आणि विचारलंस, "हे काय, केकावर ठेवायचं हाय?"

"रंगवशील का?"

"ठेव. बघतो."

आणि तू रंगवलास! देवा रे. गणपतीच्या अंगाचा तो गुलाबी रंग, पिवळाधमक पितांबरी अंगरखा, घोड्याला सोन्याचे दागिने. लढाईला निघालेला सरदार कसला, गौरीच्या माहेरचा पाहुणा दिसत होता. मी कारखान्यातच पोट धरून हसलो. तू तो परत घेतलास आणि पुढच्या खेपेला माझ्या हातावर ठेवलास. उन्हाने रापलेला चेहरा, गुडघ्यापर्यंत चिखल, घड्यांमध्ये पातळ काळपट रंग उतरलेला, अंगरख्याला धूळ. मी हसायचा थांबलो. तेव्हापासून कापाकापी माझी, रंग तुझा. पायदळाचे डबे तुझ्याकडे पेणला, सरदार माझ्याकडे रोह्याला काचेच्या कपाटात. गणपतीचा सीझन संपला, कारखाना रिकामा झाला की मी सरदारांचा बिस्किटाचा डबा मांडीवर घेऊन गाडीत बसायचो. कासूला गाडी क्रॉसिंगला थांबली की झाकण उघडून बघायचो, कोणाचा भाला मोडला नाही ना.

भांडण एकच कायमचं राहिलं. डोळे.

तुझ्या हातची आखणी घ्यायला लोक कुठून कुठून यायचे. मूर्तीचे डोळे वसंताच्याच हातचे पाहिजेत म्हणून अडून बसायचे. आणि माझ्या सरदारांना मात्र तू भुवईखाली एक सावली टाकून मोकळा व्हायचास. बुबुळ नाही, पांढरं नाही, काही नाही.

"अरे, आंधळ्यांची फौज आहे का ही?" मी म्हणायचो.

"मोहन, हात लांब कर. धर त्याला तिकडं. दिसतो डोळा?"

"नाही."

"मग? हातभर लांबनं माणसाचा डोळा दिसत नाय. सावली टाकली की नजर आपोआप येते."

"जवळून बघतो मी. रोज बघतो. मला दिसतं."

मग तू खरं कारण सांगायचास, मान खाली घालून, ब्रश पुसत. "मूर्ती जाणारी असते रे. डोळे उघडले की आपला तिच्यावरचा हक्क संपला. माझ्या हातनं डोळे उघडलेलं काय बी या छपराखाली राह्यलं नाय." आणि खरंच, उरलेल्या मूर्तींना तू आखणी करत नसायचास. बिनडोळ्यांच्याच कपड्यात गुंडाळून पुढच्या वर्षासाठी ठेवायचास. "आपले सरदार जायला हवेत का तुला?" असं विचारून तू मला गप्प करायचास. पुढच्या वर्षी मी पुन्हा तेच काढायचो. तुला कंटाळा यायचा, सुलभावहिनी आतून हसायच्या, तू ओरडायचास, "चा टाक गो, ह्याचं सुरू झालं परत!"

ते सुख होतं, आता सांगतो. तेव्हा ते मला भांडणच वाटायचं.

मी हे नाकारत नाही की तू माझ्यासाठी पुष्कळ केलंस. शुभा गेली तेव्हा घरात माणसं येत होती, बसत होती, "धीर धरा" म्हणत होती. माझे हात मांडीवर पडलेले असायचे, त्यांचं काय करायचं ते कळत नव्हतं. तू एका दुपारी आलास. शुभाचं नाव काढलं नाहीस. पिशवीतून एक नवा घोडा काढलास आणि म्हणालास, "ह्याची मान वळवून दे. पुढं बघतोय तो, मला मागं बघणारा पायजे. उद्या रंगवायचाय." मी स्वयंपाकघरात गेलो, किती दिवसांनी गॅस पेटवला, पाणी गरम केलं, घोड्याची मान त्यात धरून मऊ केली आणि हळूहळू वळवली. जिथे फट पडली तिथे एम-सील भरलं. तू ओट्याला टेकून उभा होतास. मग आपण त्याच गॅसवर चहा केला. साखर कुठे ठेवलेय ते मला सापडेना आणि तेव्हा मी रडलो. तू घोडा खिशात टाकलास, माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि गाडीला गेलास. मागे वळून बघणारा तो घोडा आपल्या सगळ्या फौजेतला सगळ्यात देखणा झाला.

तो पण नेलास, वसंता. तो तरी ठेवायचास.

तुझ्या छातीचं दुखणं काही लपलेलं नव्हतं. प्लास्टरची धूळ, स्प्रेचा रंग, तीस-तीस वर्षं तेच नाकात. तू सगळ्यांना सांगायचास, "फुप्फुसाला पण पॉलिश झालंय." तेव्हा दुखणं लपवलंस असं मी म्हणणार नाही. मला लागलंय ते वेगळंच. पावसाळ्याच्या तोंडाला तुझा फोन आला. "मोहन, सगळे सरदार घेऊन ये. वॉर्निश पिवळं पडलंय. एकदाच सगळ्यांना नवा हात देतो."

मी काय खूश झालो! म्हटलं, गडी आजारातून उठतोय. एकेकाला कापसात गुंडाळलं. एक तेवढा मागे राहिला, कारण त्याचं पागोटं मी आदल्या दिवशीच केलं होतं आणि एम-सील ओलं होतं. बाकी सगळे डब्यात घातले आणि माझ्या या हातांनी तुझ्या हातात आणून दिले. तू झाकण उघडून वरच्यावर बघितलंस आणि म्हणालास, "बरोबर हायत सगळे." मी म्हटलं, "बघ, बिनडोळ्यांचे आणलेत, तसेच परत कर!" आणि आपण दोघंही हसलो. तू कसा हसू शकलास रे?

गणपती झाले. मी तुला बघायला आलो. तू खाटेवर, उशाला पाण्याचा तांब्या.

"वाळलं का वॉर्निश?"

"नाय रे. हवेत ओल हाय. चिकट हाय अजून. बोट लावशील तर ठसा उमटेल."

मला पटलं. पावसाळी हवेत वॉर्निश चिकट राहतं, हे मला तूच शिकवलेलं. म्हटलं, "लांबून बघू दे तरी." तर म्हणालास, "झाकून ठेवलेत. धूळ बसेल." पुन्हा आलो तेव्हा ऑक्टोबरचं ऊन डोकं फोडत होतं. मी विचारलं. तू म्हणालास, "दुसरा हात दिलाय. दोन हात म्हटल्यावर वेळ लागतो." आणि कूस बदललीस. व्हॉल्व्हच्या पॅकिंगवरून मला कोणी फसवून दाखवावं, कंपनीत कोणाची टाप नव्हती. रंगाच्या बाबतीत मी तुझ्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला, आणि तू तेवढंच धरलंस. तोवर सरदार नदीत जाऊन किती दिवस झाले होते! शेवटच्या वेळी आलो तेव्हा तुला बोलवत नव्हतं. मी आपणहून म्हटलं, "वॉर्निशची काळजी करू नको. थंडीत वाळेल. मी येऊन नेईन." तू माझा हात दाबलास. मला वाटलं, मैत्री. आता वाटतं, तेव्हा तरी सांगायचंस. ओठ हलवले असतेस तरी मला कळलं असतं.

तेराव्याच्या दिवशी वहिनींनी उभ्या उभ्याच बाकीचं सांगितलं. कारखान्यात ऐन गर्दी, माणसं मूर्त्या न्यायला येतायत, डॉक्टरांनी तुला रंगाजवळ बसायलाही मनाई केलेली. आणि तू रोज दुपारी जेवण झालं की मागच्या खोलीत बसायचास, एकेक सरदार घेऊन. डोळे आखायला.

"श्वास धरून ठेवल्याशिवाय डोळा येत नाय ना भावजी, तुमाला म्हायतीय. यांना तर धड घेताच येत नव्हता. एक डोळा झाला की खोकायचे, खोकून झालं की दुसरा. मी म्हणायचे, कशाला हा जीवाचा आटापिटा? तर म्हणायचे, मोहनला पायजे होते."

मी म्हटलं, "मग मला का नाही बोलावलं बघायला?"

"मी बोलले तसं. भावजींना बोलवा म्हटलं. तर म्हणाले, नको गो. तो नेऊ द्यायचा नाय."

"फोटो? एखादा तरी?"

"आमच्या भाच्यानं मोबाइल काढला होता. यांनी हातातनं काढून घेतला."

परातीत मांडून नेलेत म्हणे. टेंपोत तू पुढे बसलास, परात मांडीवर. मराठे, इंग्रज, सगळे एकाच परातीत. पाण्यात उतरायची तुझी ताकद नव्हती, म्हणून वहिनींनी एकेक सोडला. "टुपकन जायचे," त्या म्हणाल्या. जाणारच. तळाला वायसर होते ना, माझे! नुसतं प्लॅस्टिक असतं तर तरंगलं असतं, कुठे काठाला लागलं असतं, कोणाच्या हाती आलं असतं. टेबलावर पडू नयेत म्हणून मी त्यांना वजन दिलं आणि त्या वजनाने ते तळाला गेले.

"आणि तो मागे बघणारा घोडा?" मी विचारलं.

"तो शेवटी. तो त्यांनी मला नाय दिला. दोघांनी त्यांना धरलं, आणि त्यांनी स्वतः वाकून सोडला."

मला एवढंच विचारायचं बाकी होतं. "डोळे कसे होते, वहिनी?"

"मला काय कळतंय त्यातलं? जिवंत वाटत होते. परात घेऊन उतरले तर सगळे माझ्याकडंच बघतायत असं वाटलं. मी पदर सावरला."

वहिनींनी बघितले. भाच्याने बघितले. टेंपोच्या ड्रायव्हरनेसुद्धा बघितले असतील. ज्याने त्या डोळ्यांसाठी तुझं आयुष्यभर डोकं खाल्लं, त्याला सोडून सगळ्या पेणने बघितले. मी मागितलं ते तू दिलंस, आणि दिलंस ते मला दिसू दिलं नाहीस. याला काय म्हणायचं ते तूच सांग. ते देव नव्हते, वसंता. खेळ होता आपला. निम्मा माझा होता. निम्म्या माणसाला न विचारता तू विसर्जन केलंस.

मग मी पानावरून उठून निघालो तेव्हा जिन्यापर्यंत वहिनी माझ्या मागे आल्या आणि पायदळाचे डबे माझ्यापुढे ठेवले. "हे तुमचं." वर कागदात गुंडाळलेला तुझा ब्रश. आखणीचा, मोजके केस ठेवून बाकीचे छाटलेला, जो तू आजवर कोणाला हातात धरू दिला नव्हतास. "हा भावजींना दे म्हणाले. अजून काय बोलले नायत."

रोह्याला येऊन मी शिपाई टेबलावर मांडले. रांगाच्या रांगा, आणि घोड्यावर एक माणूस नाही. आपल्या नियमाने ही फौज पळायला हवी. मी फासा टाकला नाही. आपला शेवटचा डाव तसाही अर्धाच राहिला आहे, आणि पाळी तुझी आहे.

चार दिवस मी त्या ब्रशला हात लावला नाही. रागच इतका होता. तुझ्याशी भांडत भांडत भाजी आणली, भांडत भांडत जेवलो. वहिनींचं ते वाक्य मनातून जाईना, तो नेऊ द्यायचा नाय. बरोबर ओळखलंस. नसतेच नेऊ दिले. परातीसकट तुला टेंपोतून खाली उतरवलं असतं. पण मग भांडलो तरी असतो ना रे शेवटचं! तेवढं तरी माझ्या वाट्याला यायचं.

काल तो मागे राहिलेला सरदार काढला. पागोटं आता दगडासारखं घट्ट झालंय. तू नाहीस म्हणून रंग मीच दिला. घोडा चिखलात लोळून आल्यासारखा झालाय, अंगरख्याचा रंग दाढीला लागलाय. तू बघितला असतास तर पहिल्या गौरीच्या पाहुण्याचा सूड उगवला असतास. मग तुझा ब्रश घेतला आणि श्वास धरला. माझी छाती ठणठणीत आहे, तरी रेघ सरकली. तुझ्या त्या छातीने तू एवढे डोळे कसे आखलेस, मला समजत नाही. माझे दोनच झाले, एक मोठा, एक बारीक. हात लांब करून बघितलं. तुझं खरं आहे, हातभर लांबून काही दिसत नाही. जवळ आणला तर माझ्याकडे बघत होता.

तुझ्या रीतीने आता याला आमच्या कुंडलिका नदीवर न्यायला हवा. ब्रश त्यासाठीच दिलास, एवढं मला कळतं. मी नेणार नाही. उघड्या डोळ्यांनी तो माझ्या घरात राहणार आहे, टीव्हीशेजारच्या फळीवर, मला रोज दिसेल असा. पंख्याच्या वाऱ्याने सकाळपासून दोनदा आडवा झाला, दोनदा उचलून उभा केला. पटत नसेल तर ये भांडायला. आणि हो, याच्या तळाला मी वायसर लावलेला नाही.